खुर्चीवरचे मामा

प्लास्टिकची खुर्ची फरशीवर खरडत ओढल्याचा आवाज आला की मला किल्लारीच्या आमच्या घरातला बघण्याचा कार्यक्रम आठवतो. मी तेव्हा अणुवीज केंद्रात किरणोत्सार मोजायच्या कामावर होते आणि चार दिवसांच्या रजेवर घरी आले होते. धर्माबादहून मुलगा, त्याचे मामा आणि मामी आले होते. माझी नोकरी ऐकताच मामांनी चहाची बशी खाली ठेवली. "म्हंजे पोरगी बॉम्बापाशी बसती?" बाबांचा चेहरा उतरला, हे तिसरं स्थळ होतं. मी म्हणाले, "बॉम्ब न्हाई मामा, वापरून झालेलं इंधन. ते खोल हौदात ठेवतात, वर चार-पाच पुरुष खोल पाणी असतं, ते किरणं अडवतं. बाकी नियम तीनच. लांब राहायचं, कमी वेळ थांबायचं आणि मधे आडोसा ठेवायचा." मामांनी लगेच खुर्ची दारापर्यंत ओढली, "आटपा, बस चुकंल" म्हणाले आणि मामींना दंडाला धरून स्वतःपुढं उभं केलं. "मला कशाला पुढं करून राहिलात?" असं म्हणत मामी हात सोडवून थेट माझ्या शेजारी येऊन बसल्या. मुलगा हसता हसता ठसकला. मग डोळे पुसून त्यानं विचारलं, "काठावरून खाली बघितलं की काय दिसतं?" आजवर मला हे कुणी विचारलंच नव्हतं. "निळा उजेड," मी म्हणाले, "लई सुंदर." त्याच उन्हाळ्यात आमचं लग्न झालं. आता दरवर्षी मामी महिनाभर आमच्याकडे राहायला येतात, एकट्याच.