पळसाला बांधलेला कॅमेरा

मला मुळात धीर नाही, आणि काम पत्करलं ते नेमकं वाट बघायचं. जिंतूरच्या पुढं, डोंगराच्या अंगाला, एका पळसाच्या बुंध्याला मी कॅमेरा बांधला होता. समोर काही हललं की आपोआप फोटो काढणारा. मला तरस हवं होतं. ठसे पाहिले होते, पण फोटोशिवाय माझा प्रबंध पुढं सरकणार नव्हता. जेवताना तरस, झोपताना तरस, जीव नुसता टांगणीला लागलेला.

बांधण्याआधी गावात पारावर रीतसर विचारलं होतं. "बिनघोर लावा ताई, तिकडं कुणीच फिरकत न्हाई," सगळे एका सुरात म्हणाले. वेशीवर हागणदारीमुक्त गावाची पाटी. मग दुसरं काय सांगणार, कपाळ!

कॅमेऱ्यातलं कार्ड काढून खोलीवर आणलं, लॅपटॉप उघडते न उघडते तोच दारात एक बाई. मागं आणखी दोघी-तिघी.

"आमी पहाटं त्याच वाटंनं बसायला जातो," ती म्हणाली. "ते डबडं फोटू काढतंय, हे कालच कळलं. माझी पोरगी बी आमच्यात असती. तिचं लगीन जमायलंय. एखादा फोटू मोबाइलवर फिरला तर?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. घरोघर संडास आहेत, पण पाण्याचा पत्ता नाही, म्हणून त्यांत सरपण भरलेलं.

"माणसांचे सगळे पुसते," मी म्हणाले. "जनावरांचे तेवढे ठेवू द्या."

"म्हंजी तू समदे बघणार?"

खरंच की! बघितल्याशिवाय निवडणार कसे? मला तिचा राग आला, पारावरच्या बाप्यांचा आला, सगळ्यात जास्त स्वतःचा आला. त्यात तरस असणार, नक्की असणार, असं सारखं वाटत होतं. तरी एकही फोटो न बघता अख्खं कार्ड तिच्यासमोर कोरं केलं. दुसरीकडं एकही फोटो उतरवलेला नाही, अशी आईची शपथ घेतली.

लगोलग तिला घेऊन पळसापाशी गेले आणि कॅमेराही सोडून घेतला. वाटलं, आता तरी हिचा जीव भांड्यात पडेल. पण ती आजूबाजूच्या झाडांकडंच बघायली होती.

"दुसरा कुठं न्हाई ना बांधलास?"

"नाही हो मावशी, एवढा एकच होता."

"तू म्हणतीस म्हणून खरं. पर पोरीला कसं पटवू? कालपासून पाणीच पिईना झाली. पिलं की इकडं यावं लागंल म्हणती."