पाठीत वाढवलेला पाऊण इंच

उजव्या हाताची दोन बोटं सकाळी बधिर व्हायला लागली, म्हणून मी फिजिओथेरपीच्या डॉक्टर मॅडमकडे गेलो. त्यांनी मला टाचा आणि पाठ भिंतीला टेकवून उभं केलं. डोकं भिंतीपासून नऊ सेंटिमीटर पुढे होतं. हनुवटी आत ओढून डोकं मागे न्यायला लावलं, तेव्हा चार उरले.

"पोक किती वर्षांचं आहे?"

"असेल वर्षभराचं."

"मग लवकर सुटेल. जुनं असलं तर वेळ लागतो, आणि पूर्ण सुटेलच असं नाही."

वर्षभर हा आकडा मी अंदाजाने ठोकला होता. घरी येईपर्यंत ते मनाला लागून राहिलं. आरशात मी सरळच दिसत होतो. शर्टही कुठे ओढत नव्हता.

शर्टावरून शुक्रवार पेठेतला शिंपी आठवला. लग्नापासून माझे कपडे त्याच्याकडेच, आणि तो मापांच्या जुन्या वह्या टाकत नाही. मी त्याला सरळच विचारलं, मला पोक आहे का?

"हाय की साहेब. तुमच्या शर्टाची पाठ मी वाढवूनच कापतो."

वह्या निघाल्या. यंदा पाऊण इंच. त्याआधी पाच वर्षं अर्धा. त्याआधी पाव. पहिला पाव इंच अकरा वर्षांपूर्वीचा होता.

"अहो, मग सांगायचं ना!"

"शर्ट बसत न्हाय म्हणून तुमी कधी आला का? पोक झाकायचं असतं, सांगायचं नसतं. पेठेतले निम्मे लोक माझ्या कात्रीमुळं ताठ हायती."

मी एक शर्ट पाठ न वाढवता शिवायला टाकला.

"कॉलर मानेपासनं सुटंल. मागनं वर चढंल. लोक मला नावं ठेवतील की!"

"ठेवू देत."

मॅडमना खरा आकडा सांगितला. त्यांनी एक वर्षाच्या जागी अकरा लिहिलं आणि व्यायाम दुप्पट केले. तेव्हापासून दर रविवारी मी दाराशेजारच्या भिंतीला उभा राहतो आणि बायको मुलीची शाळेची पट्टी घेऊन मोजते. पहिले दोन रविवार आकडा भराभर उतरला. तिसऱ्या रविवारी तिने पट्टी खाली ठेवली.

"अहो, हनुवटी वर करून डोकं मागे नेताय तुम्ही. फसवताय कुणाला?"

ते दोन आकडे मी खोडले.

आता तीन महिने झाले. सैल उभा राहिलो तर साडेसात, ताणून अडीच. बोटं आठवड्यातून दोन-तीन सकाळी बधिर असतात, आधी रोज असायची. तो शर्ट सुरुवातीला पुढच्या बाजूपेक्षा मागून तीन बोटं वर राहायचा, आता दोन. मी तो बुधवारी आणि शनिवारी घालतो. शिंपी रस्त्यात भेटला आणि माझ्या अंगात तो शर्ट असला, की बरोबरच्या माणसाला आधीच सांगून टाकतो, "हा मी न्हाय शिवला."

पुढचा शर्टही पाठ न वाढवताच टाकला आहे.