फिका गुलाबी

बाबा गेले तेव्हा माझं लग्न लातूरला ठरलेलं होतं. आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की ठरलेलं लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. चाकूरच्या आत्यानं दहाव्यालाच विषय काढला. "लातूरची माणसं तीन वर्सं थांबायची न्हाईत," ती म्हणाली. भिंतीला टेकून बसलेल्या आईनं नुसती मान डोलावली.

दुखवट्यात कार्यालय नको, बँड नको, म्हणून नांदेडच्या आमच्या घरातच लग्न करायचं ठरलं. मग लातूरहून होणाऱ्या नणंदेचे मोबाइलवर फोटो सुरू झाले. फिक्या गुलाबी भिंती, फिके गुलाबी पडदे, फुलंही तसलीच. "वहिनी, साधंच करा, पण सगळं याच रंगात." साधं म्हणे! मला तो रंग बघवायचा नाही. लहान पोरांच्या तापाच्या औषधाचा रंग तो. बाबांनी हौसेनं दिलेल्या पोपटी भिंतींवर रंगाऱ्यानं गुलाबीचे हातावर हात मारले, तरी पोपटी खालून डोकावतच होता.

आईनं मात्र कंबर कसली. वजिराबादेच्या बाजारातून कापड आणलं, मशीन पुसून घेतलं आणि पडदे, अभ्रे, पाटावरची आसनं, सगळं घरीच शिवलं. आत्या म्हणायची, बरं हाय, जीव रमतोय तिचा. कसला रमतोय! मशीन थांबलं की ती रडायची, म्हणून थांबवत नव्हती.

"कन्यादान तूच करायचंस," मी तिला एका दुपारी सांगितलं. तिनं पुढची शिवण मशीनखाली सरकवली. मग मीच विचारत सुटले. काका म्हणाले, आमचं काय न्हाई, भटजीला विचार. भटजी म्हणाले, मुलाकडच्यांना चालतंय का बघा. मुलाकडचे म्हणाले, आम्ही नव्या विचारांचेच हो, पण आजी आहेत ना घरात. नवरा मुलगा म्हणाला, तू म्हणशील तसं, आणि लगेच गाड्यांच्या वेळा विचारायला लागला. तोंडावर नाही म्हणायची एकाचीही हिंमत नव्हती. मला सगळ्यांचा संताप आला होता.

शेवटी आईच म्हणाली, "उद्या तुझ्या घरी काय कमीजास्त झालं तर माझ्या नावानं बोटं मोडतील. मला न्हाई झेपायचं, बाई. मला मधी वढू नको."

पाटावर काका-काकू बसले. अक्षता पडल्या, जेवणं झाली. सजावटीचं कौतुक तर विचारू नका. नणंदेनं प्रत्येक पडद्याजवळ उभं राहून फोटो काढले. "डेकोरेटर कोण होता हो?"

"आई," मी म्हणाले.

"अय्या! कुठंयत त्या?"

निघायच्या आधी सगळ्या मोठ्यांच्या पाया पडून झालं. मग मी स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. तिथला पडदा ओढला, तर तो सरकेना. आईनं आतून दोन्ही मुठींत धरून ठेवला होता. तिच्याहून जोर लावणं मला अवघड नव्हतं. पण मागे सगळी माणसं उभी होती आणि आतून ती हळूच म्हणत होती, "नको ना, बाई."

तो पडदा वीतभर आखूड पडला होता. खालून तिची पावलं दिसत होती. जोडवी काढल्याच्या खुणा बोटांवर अजून पांढऱ्या होत्या. मी शालूसकट जमिनीवर बसले, त्या पावलांवर डोकं टेकवलं, आणि तिचं तोंड न बघता लातूरच्या गाडीत जाऊन बसले.