उंदरांना दचकवणारे दचकेकाका

उंदरांना दचकवण्याची नोकरी करणारा माणूस स्वतःच इतका भित्रा असावा, याला काय म्हणावं? प्रयोगशाळेत सगळे त्यांना दचकेकाका म्हणत, आणि तेही फोन उचलून "दचके बोलतोय" असंच सांगत. काम सोपं होतं. उंदीर पेटीत ठेवायचा, कर्कश आवाज सोडायचा आणि पेटीच्या तळाला किती हिसका बसला ते यंत्रावर बघायचं. उंदीर एकदा उडे, काचेबाहेर काका दोनदा.

दचकण्यामागची वाट त्यांना तोंडपाठ होती. कानातली वर्दी मेंदूच्या देठात पोचते, तिथल्या मूठभर मोठ्या पेशी ती थेट मणक्याकडे धाडतात, की उडालंच अंग. वरच्या शहाण्या मेंदूला सगळं आटोपल्यावर कळतं. "मला घरातलं कळतं, तसंच," काका म्हणत. त्यात जीव आधीच धास्तावलेला असेल तर त्या पेशींना आणखी चेव येतो.

लेक तान्ह्या बाळाला घेऊन आठवडाभरासाठी आली आणि काकांची पंचाईत झाली. नातीला घ्यायला जीव तुटत होता, पण दार आपटलं आणि आपण उडालो तर पोर हातातून सुटेल, ही धास्ती. "सर्दी आहे", "हात धुवायचेत" अशा सबबी सांगत ते पाळण्याभोवती घुटमळत राहिले.

शेवटी त्यांना आपलं विज्ञान आठवलं. मोठ्या आवाजाच्या निमिषभर आधी बारीक आवाज झाला, तर उंदीर कमी दचकतो. त्यांनी बायकोला सांगितलं, दार लावण्याआधी हळूच चुटकी वाजव. तिनं चुटकी वाजवली, पायात चपला सरकवल्या, मग कुठे दार आपटलं. असं दोन दिवस चाललं, आणि तिसऱ्या दिवशी काका नुसत्या चुटकीलाच उडू लागले. आधी खूण, जरा वेळानं दणका: उंदराला भीती शिकवायची रीत अगदी हीच, आणि ती त्यांनी स्वतःवरच यशस्वी करून दाखवली होती.

"अहो, तुम्ही उंदरांना शिकवता की ते तुम्हाला?" बायकोनं विचारलं.

निघायच्या सकाळी लेकीनं एकही सबब ऐकली नाही. "बाबा, धरा जरा, मला बॅग भरायचीय," म्हणत तिनं बाळ त्यांच्या हातांत दिलं आणि वळली. तेवढ्यात स्वयंपाकघरात बायकोच्या हातून स्टीलचा डबा निसटला आणि धाडकन फरशीवर पडला.

काका उडाले. डोळे मिटले, खांदे कानांपर्यंत गेले, कोपरं दुमडली, आणि बाळ छातीशी घट्ट आवळलं गेलं. बाळानंही दोन्ही हात फेकले, मग त्यांचा सदरा मुठीत पकडला.

काकांनी डोळे उघडून आपल्या हातांकडे पाहिलं. दचकलेलं अंग आवळतं, सैल पडत नाही. इतकी वर्षं काचेपलीकडे प्रत्येक उंदीर अंगाचा गोळा करून हेच सांगत होता, आणि हे महाशय यंत्रावरचा हिसका बघत बसले होते. त्यांना हसू आलं, आणि लगेच रडूही.

लेक धावत आली. "द्या बाबा इकडे, घाबरलात ना?"

"हो, घाबरलोय," काका म्हणाले. "राहू दे माझ्याकडे. आईला म्हणावं, अजून एक डबा पाड."