लालाजींची लगड

संन्यास घ्यायचं ठरवलं तेव्हा माझ्यावर लालाजींचं सोनं देणं होतं. पैसे नव्हेत, सोनंच. मी सांगलीकडचा. सातवीत शाळा सोडून दिल्लीला गलाईच्या कामावर आलो. जुने दागिने वितळवून शुद्ध सोनं काढायचं, हे आमच्याकडच्या पोरांचं काम. धाकट्या बहिणीचं लग्न अडलं तेव्हा करोल बागेतल्या लालाजींनी, ज्यांचा माल मी गाळायचो, सोन्याची एक लगड माझ्या हातावर ठेवली. व्याज नाही, काही नाही. "जब हो, तब दे देना." आमच्या धंद्यात उसनं सोनं सोन्यानंच फेडतात. मधे भाव कुठं जाईल ते आपलं नशीब. तो वाढतच गेला.

घरदारच सोडायचं तर देणंही आपोआप सुटेल, असं मनात धरून आमच्या पंथाच्या आश्रमातल्या बाबांपुढं बसलो. बाबा हसले. "अरे, आपलं ओझं दुसऱ्याच्या ओसरीवर टाकून कुणी देवाकडं येतं का? फेडून ये. आणि 'मिळालं' असं त्याच्या तोंडून ऐकून ये." खरं सांगतो, रागच आला. पण राबलो, चिमूट चिमूट साठवलं, आणि तेवढ्याच वजनाची लगड घेऊन दुकानावर गेलो, तर तिथं दुसरीच पाटी. लालाजी सगळं विकून मुलाकडं नोएडाला गेलेले. शेजारच्या दुकानदाराला नुसता सेक्टर आठवत होता, तोही नक्की नाही.

नोएडा तेव्हा नुसतं उठत होतं. अर्धवट बांधलेल्या कोठ्या, वाळूचे ढीग, सगळ्या गल्ल्या सारख्याच. कमरेला सोनं बांधलेलं, त्यामुळं मला दिसेल तो माणूस चोर वाटायचा. एका चौकीदाराला विचारलं तर म्हणाला, "भाई, लालाजी तो हर गली में बैठे हैं. तुझे कौन से वाले चाहिए?" दुपारपर्यंत पाय गळून गेले. एका कठड्यावर बसलो. म्हटलं, देवा, मी तुला नको असेन तर तसं सांग, ही पायपीट कशाला? तोंडात मात्र नाम चालूच होतं, जरा मोठ्यानंच असेल.

भाजीची पिशवी घेतलेली, सलवार-कमीजातली एक बाई ते नाम ऐकून थांबली. हात जोडून म्हणाली, "दंडवत प्रणाम! कवण गावींचे तुम्ही?"

मी दचकलोच. आमच्या पंथाच्या पोथ्या जुन्या मराठीत आहेत आणि दिल्लीकडच्या कितीतरी पंजाबी घरांत त्या वाचतात. बाईंची सगळी मराठी पोथीतली. माझी सांगलीची त्यांना कळेना. शेवटी दोघंही हिंदीवर आलो आणि मी करोल बागेतल्या सोन्यावाल्या लालाजींचं विचारलं. "तुम लोग अपनी ही भाषा बिगाड़ के बोलते हो, भैया," असं मला ऐकवत त्यांनी थेट लालाजींच्या दारात नेलं. बाईंच्याच मागच्या गल्लीत लालाजींचं घर होतं. कुणी याला योगायोग म्हणेल, मी वाद घालणार नाही.

लालाजी व्हरांड्यात खुर्चीत बसले होते. मला त्यांनी ओळखलं नाही. सूनबाईंना आल्याचं कारण सांगितलं, तर त्या हळूच म्हणाल्या, "पापाजी को अब कुछ याद नहीं रहता. हमें दे दीजिए, हम रख लेंगे." आता 'मिळालं' कोण म्हणणार? तरी लगड लालाजींच्याच हातावर ठेवली. त्यांनी ती तळव्यावर तोलली आणि दुसऱ्या हातानं हवेत घासल्याची खूण केली. सूनबाईंनी कपाटातून कसोटीचा काळा दगड आणून दिला. लालाजींनी लगड घासली, उमटलेली रेघ उन्हात धरून बराच वेळ पाहिली.

"किसका है?"

"आपका ही है, लालाजी."

"मेरा?" त्यांनी मूठ मिटली. "हाँ. मिल गया." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "खाना खा के जाना."

मी कोण, किती राबलो, का आलो, यातलं त्यांना काही ठाऊक नव्हतं. सांगायचं सगळं मी वाटेत घोकून ठेवलं होतं, ते तसंच राहिलं, आणि राहिलं याचं वाईटही वाटलं नाही. देवाच्या हाती काही ठेवायचं ते असंच, आपलं नाव न सांगता, एवढं मला त्या व्हरांड्यात कळलं. मग जमिनीवर बसून सूनबाईंनी वाढलेला राजमा-भात जेवलो. मी तीच माझी पहिली भिक्षा मानतो.