अक्कांचं वायफाय

सावद्यात आमच्या घरी वायफाय चालतं ते शेजारच्या अक्कांचं. "नळाला एकानं मोटर लावली का बाकीचे कोरडे, ह्याचंही तसंच हाये," म्हणत त्या सिनेमा बघणाऱ्याला दारातूनच झापतात. त्यांच्या आवाजाला पासवर्ड लागत नाही, दोन्ही घरांत पोचतो.

माझी नोकरीची मुलाखत लॅपटॉपवर होती. अक्कांनी घरातल्या सगळ्यांच्या फोनचं वायफाय बंद केलं, स्वतःच्याही, आणि ओट्यावर पहाऱ्याला बसल्या.

मुलाखत संपवून मी बाहेर आले.

"झालं का व माय? मग लावते आता," म्हणत त्यांनी फोन जोडला. पडद्यावर दुबईचा नातू आला. त्याच्या वाढदिवसाचा केक कापून झाला होता.

"उरलेला दाखव रे बाळा," अक्का म्हणाल्या.