कांतिशेठचं शेकरू

देवराईचा नियम कडक असतो. येताना पान आणायचं नाही, काटकी आणायची नाही, खाली पडलेलं वाळकं फूलसुद्धा उचलायचं नाही. देवीचं सगळं देवीपाशी. मग दर रविवारी साखरझोप मोडून, डिझेल जाळून आम्ही तिथून आणतो तरी काय? किस्से! त्यांना देवीची हरकत नाही. आता ते इतके साठलेत की मी कुणाकडे चहाला गेले की चहा गार होतो, पण मी काही थांबत नाही.

आमची टोळी चौघांची. मी मंचरला मेडिकल चालवते. माझा मावसभाऊ बापू निमगाव साव्याचा बागायतदार. बोलेरो त्याची, म्हणून गाडीतला माजही त्याचाच. पेठचे शिंदे सर भूगोलाचे रिटायर्ड शिक्षक. आणि आमचे कांतिशेठ, बाजारपेठेतले कापडवाले. त्यांचे पणजोबा राजस्थानातून आले, पण शेठ मराठीत भांडायला लागले की बापूसुद्धा गप बसतो. आहुप्याकडच्या राईत आम्हाला धोंडूबाबा भेटतात. राईची राखण त्यांच्या घराण्याकडे आहे. वय विचारलं की म्हणतात, "त्या हिरड्याला इचारा, त्यो माझ्यापरीस थोरला हाय!"

*

एकदा राईच्या वाटेवर पुण्याची एक जोडी भेटली. कोरे बूट, कोऱ्या टोप्या, गळ्यात दुर्बीण. मुलानं हळूच विचारलं, "काका, इथे बिबट्या दिसतो का?"

बापू म्हणाला, "न्हाई वो पावणं. बिबट्या खाली, आमच्या उसात. त्याच्याच भ्यानं आमी रविवारचं जंगलात येतो!"

दोघं खो खो हसली. बापू हसला नाही. त्यानं मोबाईल काढून आपल्या पडवीतल्या कॅमेऱ्याचा व्हिडिओ दाखवला. साहेब आरामात पायरीवर बसून पंजा चाटत होते. आता बापूची अपेक्षा अशी, की ही पोरं घाबरतील, हळहळतील, निदान "काळजी घ्या" तरी म्हणतील.

मुलगी म्हणाली, "वॉव! काका, तुमच्याकडे राहायची सोय आहे का?"

*

शिंदे सरांचा माणसावर विश्वास नाही, सॅटेलाइटवर आहे. त्यांच्या मोबाईलमध्ये एक ॲप आहे, त्यात चाललेली वाट साठवून ठेवता येते. धोंडूबाबा आजारी होते त्या रविवारी सर म्हणाले, "बाबा कशाला पाहिजेत? वाट माझ्या खिशात आहे!"

निघालो. तास-दीड तासानं एका वाकड्या जांभळीपाशी आलो. पुन्हा चाललो, पुन्हा तीच जांभळ. तिसऱ्यांदा जांभळ दिसल्यावर बापूचा चेहरा उतरला. "सर, चकवा लागला राव. चकवा लागल्यावर चालायचं नसतंय. बसायचं, भाकर खायची, मंग वाट दिसती."

"अंधश्रद्धा!" सर ओरडले. पण भूक त्यांनाही लागली होती. बसलो. भाकरी, ठेचा, शेठचे खाकरे सगळं झालं. हात धुऊन सरांनी चष्मा लावला, मोबाईलमध्ये नीट पाहिलं आणि घसा साफ केला.

"म्हणजे त्याचं असं झालंय," सर म्हणाले, "मागच्या वेळी आपण चुकलो होतो ना, ती वाट सेव्ह झालीय."

सॅटेलाइट खरंच चुकला नव्हता. मागच्या वेळी जिथं जिथं चुकलो, तिथं तिथं त्यानं आम्हाला इमानदारीत परत नेलं!

*

बाहेर काही न्यायचं नाही म्हणजे किती नाही? पावसाळा सरला की राईच्या कडेच्या गवतात कुसळं होतात. बापू एकदा विजारभर कुसळं घेऊन बाहेर निघाला. धोंडूबाबांनी काठी आडवी घातली. "ती देवीची हाईत. ठिवा हितं."

बापूनं पाऊण तास एकेक कुसळ उपटून खाली ठेवलं. तोंडानं जे चाललं होतं ते मी लिहीत नाही.

त्याच संध्याकाळी सरांचा पेठहून बाबांच्या नातवाच्या फोनवर फोन. आवाजात घोर चिंता. अंघोळीला गेले तर पोटरीला राईतली गोचीड! चांगली फुगलेली! "बाबा, पुढच्या रविवारी परत आणून सोडू का?"

बाबांनी शांतपणे विचारलं, "पोटात रगत कुणाचं हाय?"

"माझं."

"मंग तुमचीच हाय. ठिवा!"

*

आता शेठ. शेठना त्या राईत एकच गोष्ट बघायची होती. शेकरू.

शेठचे वडील कापडाचं गाठोडं पाठीवर घेऊन या वाड्या-वस्त्यांवर फिरायचे. घरी येऊन सांगायचे, मांजराएवढी लाल खार पाहिली, या झाडावरून त्या झाडावर उडत होती. बाजारपेठेत कुणाला पटेना. वडिलांना सगळे थापाड्या म्हणायचे, आणि लहानपणी शेठही त्यात हसले होते. आता शेकरू असतं हे शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे. पण शेठ म्हणायचे, "पुस्तकातलं मला नको. बापानं बघितलं तसं मला बघायचंय. झाडावर. या डोळ्यांनी."

आणि नेमकं शेठनाच दिसायचं नाही! आम्हाला दिसलं तेव्हा शेठ बुटाची नाडी बांधत होते. पुन्हा दिसलं तेव्हा ते डोंगरावरच्या एकुलत्या एक रेंजच्या दगडावर उभे राहून सुरतेच्या व्यापाऱ्याशी भांडत होते. एरवी त्यांचा आवाजच पुरे. शेठ बोलायला लागले की पाखरंसुद्धा शेजारच्या डोंगरावर जातात.

यंदा डॉक्टरांनी सांगितलं, दिवाळीनंतर दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन, आणि डोंगर कायमचा बंद. उरला एकच रविवार. गाडीत कुणी हसेना.

राईतून निघताना धोंडूबाबा म्हणाले, "शेठ, देवीला साडी बोला."

शेठ लगेच म्हणाले, "बोललो! नवीन माल आलाय, त्यातली देतो."

"काठाची द्या. मागच्या टायमाला रंग गेला तिचा!"

बापू मात्र वैतागला होता. "शेठ, साडी ऱ्हाऊ द्या. एक दिस त्वांड बंद ठिवा. शेकरूच काय, डायनासोर दिसंल!"

शेठ एक शब्द न बोलता घरी गेले.

*

त्या शेवटच्या रविवारी पहाटे शेठाणींचा मला फोन. "ताई, ह्यांनी मौन घेतलंय! सूर्यास्तापर्यंत. आज आमच्या घरात घड्याळाची टिकटिक ऐकू आली हो!"

मौन म्हणजे व्रताचं मौन, हात जोडून घेतलेलं. ते मोडणार नाही, हे आम्हाला ठाऊक होतं. बापूनं गाडीत चिमटे काढले, सरांनी मुद्दाम राजस्थानची राजधानी चुकीची सांगितली. शेठ हू की चू नाही! गुडघे धरत, काठी टेकत ते राईत पोचले आणि उंबराच्या मुळाशी बसले.

गंमत बघा, शेठ गप झाले तर बोलायचं काम आमच्या अंगावर पडलं. बापू आणि सर ऊस की कांदा यावर जुंपले. मी मध्यस्थी करत होते, म्हणजे दोघांपेक्षा जोरात ओरडत होते.

एवढ्यात माझं लक्ष शेठकडं गेलं. डोळे विस्फारलेले, भरून आलेले. एक हात छातीवर. दुसऱ्या हाताचं बोट वर.

"अगं बाई! शेठना ॲटॅक!"

बापू किंचाळला, "वर चाललो म्हणत्यात!"

आम्ही झडप घातली. शेठना उताणं पाडलं. सरांनी पाय वर धरले, बापू छाती चोळायला लागला, बाबा टॉवेलनं वारा घालत देवीचा धावा करू लागले. "आई, म्हाताऱ्याला सोड! साडी कसली बी चालंल!" मी पर्समधली गोळी काढून जिभेखाली ठेवायला गेले, तर शेठ तोंड उघडेनात! मान जोरजोरात हलवतायत, ओठ गच्च.

"दातखिळी बसली," बाबा म्हणाले.

या माणसाच्या दुकानातून माझ्या लग्नाचा शालू आलेला. त्याच्या बायकोला काय सांगू? आणि शेठ आमच्या चौघांच्या डोक्यांमधल्या फटीतून कुठंतरी वर बघत होते. हसत होते! गालांवरून पाणी वाहत होतं. बापू रडायला लागला. "शेठ, बोला की वो! मी उगं म्हनलो, बोला की!"

तेवढ्यात माझ्या मानेवर काहीतरी पडलं. अर्धवट कुरतडलेलं उंबर.

मी वर पाहिलं. मग सगळ्यांनी पाहिलं. आम्हाला दिसलं ते फक्त एक झुपकेदार लांबलचक शेपूट, पलीकडच्या झाडात शिरताना. फांदी हलत राहिली.

शेठ उठून बसले. पाठीवरचा पाचोळा झटकला, नीट जागच्या जागी ठेवला आणि झाडाला हात जोडले. मी त्यांची नाडी पाहिली, माझ्यापेक्षा चांगली होती.

*

परतताना गाडीत कुणाचा धीर निघेना. काय दिसलं, किती वेळ दिसलं, वडील सांगायचे तसंच होतं का? शेठ खिडकीतून बाहेर बघत नुसते हसत होते. डिंभ्याच्या धरणाजवळ आलो तेव्हा सूर्य डोंगराला टेकला. बापूनं बोलेरो बाजूला घेतली, इंजिन बंद केलं. तिघंही मागं वळून शेठकडं बघत बसलो.

सूर्य गेला. शेठनी मोबाईलवर वेळ पाहिली, हात जोडून व्रत सोडलं, घोटभर पाणी प्यायले आणि डोळे पुसले.

"बाप खरं बोलत होता," शेठ म्हणाले. मग एकदम आवाज चढला. "पण तुम्हाला काही अक्कल? चौघांची डोकी मधे! शेपूट बघायचं राहिलं ना माझं! बापू, पुढच्या रविवारी किती वाजता निघायचं?"